साहेबांच्या घरातली कढई

करखात्यातल्या साहेबांनी मला लुबाडलं, हे आधीच सांगून टाकतो. माझं भांड्यांचं दुकान आहे. रंगाऱ्याने ते रंगवून दिलं आणि मी त्याच्या मुलीच्या लग्नाला भांडी दिली. साहेब म्हणाले, "पैसे नसतील, पण मोबदला घेतलात ना? कर भरा." मी म्हटलं, भांडीच घ्या. तर हसले. "रोख लागतो."

साहेब माझ्याच इमारतीत राहतात. आज जिना उतरताना त्यांच्या दारात बोहारीण बसलेली दिसली. जुनी साडी उजेडाकडे धरून ती विरलेली जागा शोधत होती.

"वहिनी, पार जाळी झालीय हिची. एखादी पँट टाका वर."

"अगं, साहेबांची पँट आहे ही! कुठे फाटलीय दाखव."

"फाटली नाही हो, बसून बसून झिजलीय."

दोघी हसल्या. पँट बोचक्यात गेली, बदल्यात बोहारणीच्या पाटीतली कढई घरात गेली.

माझी आई अशीच डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरायची. अदलाबदलीत दोघांनाही वाटतं, आपणच जिंकलो. तेवढ्यापुरतं जग दोनच माणसांचं असतं. त्यात तिसऱ्याने हात घालायचा, तर त्याने आधी काही द्यावं आणि मग मागावं.

आता वरून फोडणीचा वास येतोय. साहेब, त्या कढईचा कर कोण भरणार? ती घरची देवघेव म्हणून सुटत असेल, तर लग्नाची भांडी का सुटली नाहीत? खाली या आणि उत्तर द्या. मी जिन्यातच उभा आहे.