बंद होईना ती गाडी

चावी माझ्या हातात होती आणि इंजिन चालूच होतं. चालू म्हणजे बोंबलत होतं. स्टॉपर ओढला, म्हणजे डिझेल तोडायची दांडी. काही उपयोग नाही. निम्मी शिवाजी पेठ धुरात गेली.

गाडी दत्तू वस्तादांची. तालमीतल्या पैलवानांना ते कुस्तीच्या मैदानांना तिच्यातनं न्यायचे. लांबडी, विलायती गाडी. पेट्रोल महागल्यावर तिचं मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. किती पळाली होती ते देवाला ठाऊक. मीटरचा काटा कधीच मेला होता.

आदल्या आठवड्यात गगनबावड्याच्या वाटेवर चढाला ती दमली. सहा पैलवानांनी ढकलत नेली. मैदानात पोचले तेव्हा अंगात कुस्ती उरलीच नव्हती. सहाच्या सहा चितपट. म्हणून त्या सकाळी वस्ताद तालमीतनं थेट माझ्या गॅरेजात आले. गाडी अर्थात पोरंच ढकलत होती.

"बाबालाल, एकदाच काय ते सांग. ठिवायची का इकायची?"

मी गाडी चालू करून इंजिनच्या ऑइलचं झाकण काढलं. आतनं धुराचा लोट आला. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या की असं होतं.

"विका, वस्ताद. वारणानगरचा एकजण जुनी गाडी शोधतोय. त्याला खरं सांगून द्या. इंजिन ऑइल प्यायला लागलंय."

"तालमीची गाडी हाय ती! ऑइल पिती म्हनं! जरा रेस देऊन बघ की. आवाज ऐक तिचा."

मी रेस दिली, आणि हे झालं. झिजलेल्या रिंगांमधनं ऑइल वर चढतं आणि डिझेलऐवजी तेच जळायला लागतं. मग इंजिनला ड्रायव्हरची गरज उरत नाही. ऑइल संपेपर्यंत नाहीतर फुटेपर्यंत ते पळतं. गिअरात टाकून ब्रेक दाबून बघितला, तर क्लच घसरला.

पैलवान सगळ्यांच्या आधी पळाले. एकजण तर भिंतीवरनं गेला.

"हवा तोडायला पायजे!" मी एअर क्लीनर उपटत ओरडलो. "जाड कापड द्या कायतर!"

मागच्या सीटवर पोरांच्या ओल्या लंगोटांचं बोचकं होतं. वस्तादांनी ते उचललं आणि इंजिनच्या हवेच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरलं. इंजिन गुदमरलं. दोन आचके दिले आणि गप झालं.

वस्तादांनी काचेजवळच्या मारुतीच्या फोटोला हात जोडले. "माफी कर देवा. दुसरं कायबी न्हवतं."

"आता तरी विका," मी घाम पुसत म्हणालो.

"इकू? आरं, सोताचं रगात पिऊन पळत हुती ती! माझी सा पोरं पळून गेली, ही हटली न्हाय. खोल इंजिन!"

मी खाली झोपून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकून बघितली. सरळ होती, गंज नव्हता. तेवढ्यावरच हो म्हणालो. झिजलेले सिलिंडर बोअर करून घेतले, नव्या रिंगा घातल्या, क्लच प्लेट बदलली. गाडी पुढं बरीच वर्षं चालली. त्या सहांतल्या चौघांनी कुस्ती सोडली, तरी ती चालतच होती.

जुनी डिझेल गाडी ठेवावी का, असं लोक अजून विचारतात. मी आधी चेसिस बघतो. ती धड असेल तर इंजिन पुन्हा करता येतं. मालकाचं मत विचारत नाही. ते त्यानं घरनं निघतानाच ठरवलेलं असतं.