मीटिंगची मरळ

तुमच्या दारात एखादं परकं माणूस आलं आणि तुम्ही काय खाता असं त्यानं सरळ विचारलं, तर तुम्ही खरं सांगाल का?

लगेच हो म्हणू नका. आमच्या गल्लीनंही लगेचच उत्तर दिलं होतं.

धारूरच्या डोंगराखालचं आमचं गाव. गावाला एक तलाव, तलावावर भोई लोकांची मच्छीमार सोसायटी. भोई गल्ली तलावाच्या अंगाला, आमची दुकानदारांची गल्ली महादेवाच्या देवळाच्या अंगाला. आमच्याकडं चुलीवर अंडंसुद्धा चढत नसे. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, किराणा दुकान. पुड्या बांधायला ते रद्दी घेत आणि रद्दीत पत्रकं येत: ऊसतोड कामगारांच्या संपाची, कारखान्याच्या निवडणुकीची, अंधश्रद्धेविरुद्धची. शेंगदाण्याच्या पुडीला जायच्या आधी प्रत्येक पत्रक मी वाचून काढायचो. पुढं मीच पत्रकं लिहू लागलो. गावाचा कुठलाही प्रश्न कागदाच्या दोन बाजूंत सुटतो, असं तेव्हा मला मनापासून वाटायचं.

दुष्काळात तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला. पाणी काळंहिरवं झालं, काठाला मासे मरून पडू लागले. मासा विषारी झाला अशी बोलवा उठली आणि युसूफ वडगावच्या बाजारात भोयांच्या टोपल्यांकडं कुणी बघेना. सोसायटीच्या चेअरमनची सून तेव्हा पोटुशी होती. दुकानात मीठ घ्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "दादा, तुमी शिकल्यालं हाव. मासा खाऊ का नको, तेवढं सांगा. घरात दुसरं हाय तरी काय खायाला?"

मी तिला मिठाची पुडी बांधून दिली.

त्याच सुमारास विद्यापीठातून एक मॅडम आल्या. चेअरमनच्या ओट्यावर बसून त्यांनी समजावलं. माशाच्या अंगात जस्त असतं, लोह असतं, सेलेनियम असतं. असतं कणभरच, पण पोटातल्या बाळाला ते कण लागतात. त्याच माशात पारा उतरला असेल तर तोही कणभरच असतो, आणि तो बाळाच्या मेंदूवर जातो. म्हणजे त्या सुनेला खा म्हणावं तरी भीती, खाऊ नको म्हणावं तरी भीती. म्हणून मोजायचं. माशांचं मांस तपासायचं आणि माणसांचे केस. पोटात गेलेला पारा केसांत उतरतो आणि केस कापेपर्यंत तिथंच राहतो. मासे खाणाऱ्यांचे केस आणि मुळीच न खाणाऱ्यांचे केस शेजारी शेजारी तपासले, की तलावातला मासा माणसाला काय देतो ते कळतं.

न खाणारे कुठं मिळतील, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून आमची गल्ली दाखवली.

केसांचं नाव काढल्यावर गाव बिचकलं. केस-नखं परक्याच्या हाती लागली की करणी होते, हे आमच्याकडं तान्ह्या पोराच्या आईपासून सगळे मानतात. मग मी पत्रक काढलं. भोई गल्लीनं कुरकुरत माना पुढं केल्या. आमच्या गल्लीतल्या पुरुषांनीही मानेवरचे केस दिले आणि प्रत्येकानं वर सांगितलं, "आमी वाससुदीक घेत न्हाई."

फक्त अप्पा नको म्हणाले.

मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांना माझंच पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. केसाला घाबरणारा माणूस विज्ञानाला काय सामोरा जाणार, असलं एक वाक्य त्यात होतं. फुटाणे घ्यायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "अरं, मालकाच्या डोस्क्यावर हायेत किती, आन् त्यातले मागायलास व्हय?"

सगळे हसले. अप्पाही हसल्यासारखं करून म्हणाले, "माझे केस माझ्यापाशी ऱ्हाऊ दे, बाबा." मी पुन्हा वाचायला लागलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि म्हाताऱ्याचे फुटाणे त्यात बांधून दिले.

तपासणी झाली. मॅडम परत आल्या त्या कोड्यात पडून. "कुणाचं किती ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "गल्लीचं सांगते. भोई गल्लीत पारा आहे, पण बेताचा. न खाणाऱ्यांच्या गल्लीत त्याहून जास्त आहे. तिकडे कुणी औषधाची भस्मं वगैरे घेतं का?"

चेअरमन तंबाखू मळत होता. "भस्म कपाळाला लावत्यात, मॅडम," तो म्हणाला. "पोटात दुसरंच जातंय." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ओट्यावर फक्त मॅडमना आणि मला काही कळलं नाही.

घरी आई ज्वारी निवडत होती. तिला सांगितलं तर तिनं मानसुद्धा वर केली नाही. "त्यात कोडं काय हाय? मीटिंगा होत्यात न्हवं."

आमच्या गल्लीतले पुरुष गावच्या पतसंस्थेचे संचालक, नाहीतर सभासद. मीटिंग व्हायची ती एका संचालकाच्या शेतात. तिथून सगळे बडीशेप चघळत घरी येत.

"मीटिंगचा सदरा मी येगळा धुते," आई म्हणाली. "इतकी वर्सं. तुला काय वाटलं, ठरावाला वास येतो?"

पुढचं कोडं मॅडमनी उलगडलं. मरळ हा मासे खाणारा मासा. लहान माशांतला पारा तिच्या अंगात साठतो, आणि जितकी मोठी तितका जास्त. भोयांकडून मीटिंगला निवडून जायची ती मोठी मरळ. भोयांच्या घरात शिजायची ती बारकी चिलापी. आमच्या गल्लीनं नुसतं 'मरळ खातो' एवढं म्हटलं असतं, तर उत्तर तिथंच होतं: मोठा मासा टाळ, बारका खा. पण म्हटलं नाही तर पारा पाण्यातून आला, की आणखी कशातून, हे कळणार नव्हतं. पोटुशा बाईला अंदाजानं काही सांगायला मॅडम तयार नव्हत्या.

मी दारोदार फिरलो. "कोन म्हणलं आमी खातो?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "आधी बापाला इचार की."

म्हणून अप्पांना विचारलं. दुकानात तेव्हा कुणी नव्हतं.

"खातो," ते म्हणाले. "म्हणूनच केस दिले न्हाईत. न खाणाऱ्यांत बसलो असतो, तर त्या विद्यापीठाच्या पोरीचं माप खोटं झालं असतं की."

"मग खाणाऱ्यांत बसायचं, अप्पा."

त्यांनी तराजूचं पारडं पुसायला घेतलं. "तेवढी हिंमत न्हाई," म्हणाले.

मला त्यांची लाज वाटली. मग माझी जास्त वाटली. गल्लीत खोटं न बोललेला तो एकच माणूस होता, आणि भर दुकानात मी त्यालाच अडाणी ठरवलं होतं. आणि बाकीच्यांना 'खाता का?' असं केस घ्यायच्या आधी मी एकदाही विचारलं नव्हतं. देऊळ बघून मी त्यांना न खाणारे ठरवलं. ज्या जातीपातीविरुद्ध मी पत्रकं छापत होतो, तिचीच मोजपट्टी मॅडमच्या हातात मी ठेवली होती.

आमच्या गल्लीचे केस शेवटी बाद झाले. दुसरं गाव शोधून पुन्हा मोजायचं ठरलं. चेअरमनच्या सुनेनं भीतीनं मासा पुरता सोडला. उरलेले दिवस तिनं भाकरी आणि मिरचीवर काढले. उत्तर यायच्या आधी तिचं बाळ आलं. अंगानं फार बारीक होतं. ते कशानं, हे मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. कुणालाच माहीत होऊ दिलं गेलं नाही.

ती अजूनही दुकानात येते. मासा खाऊ का, असं पुन्हा तिनं मला विचारलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एक मागतो. तुमच्या गावात कुणी असं मोजायला आलं, तर केस द्यायच्या आधी ताटात काय असतं ते सांगा, देवळाच्या गल्लीत राहत असलात तरी. आणि तेवढं सांगणं होतच नसेल, तर निदान माझ्या बापासारखं करा. केस देऊ नका.