पंचवीसचे अठ्ठावीस

अमेरिकेत चँडलरला आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच राहायचे. माझी मुलगी त्यांना ग्रँडपा म्हणायची, म्हणून मीही. त्यांची नात सैन्यात होती, इराकमध्ये.

२००७च्या एप्रिलमधल्या एका दुपारी मी त्यांना इडल्या द्यायला गेले. ते स्वयंपाकघरात रिसीव्हर हातात धरून नुसतेच बसले होते. नातजावयाचा फोन येऊन गेला होता. बारा महिन्यांची ड्यूटी पंधरा महिन्यांची केली होती. जुलैत येणारी नात आता ऑक्टोबरमध्ये येणार होती.

धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेले, "तीनच महिने तर आहेत, ग्रँडपा. बघता बघता जातील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातला डबा कुठे ठेवावा ते मला कळेना.

"बस इथे," ते म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बर विमानावर गनर होते, इंग्लंडमध्ये. हे मला तीन वर्षांच्या शेजारात कळलं नव्हतं. गुलाबांना पाणी किती घालायचं, एवढंच आम्ही बोलायचो.

"पंचवीस उड्डाणं केली की घरी, असा नियम होता," ते म्हणाले. "माझा दोस्त पलीकडच्या खिडकीत गनवर असायचा. आमच्या पाठी एकमेकींना लागायच्या. प्रत्येक उड्डाणानंतर तो आईला पत्रात फक्त आकडा लिहायचा. आमची बावीस झाली आणि एका सकाळी सांगितलं, आता तीस. तुमची बरीच झालीत, म्हणून तुम्हाला अठ्ठावीस."

"आणि तो?"

"सव्विसाव्याला गेला. माझ्या पाठीला त्याची पाठ टेकलेली होती."

मी डबा टेबलावर ठेवला.

युद्ध संपल्यावर ते दोस्ताच्या आईला भेटायला आयोवाला गेले. बाईंनी दारातच विचारलं, "पंचवीस झाली होती ना? मग तो वर काय करत होता?" आईला काळजी नको म्हणून मुलाने बदललेला नियम कळवलाच नव्हता. पंचविसाव्यानंतर तो स्वतःच्या हौसेने उडत राहिला, असं धरून ती माउली मेलेल्या मुलावर वर्षभर रागावून होती.

"तुम्ही खरं सांगितलंत?"

"सांगितलं. तर म्हणाली, कोणी बदललं? त्या माणसाचं नाव सांग. मला नाव माहीत नव्हतं. अजूनही नाही."

मी घरी आले. नवऱ्याने विचारलं, "काय गं, काय झालं?" मला धड सांगता येईना. 'तीनच महिने' हे माझे शब्द कानात वाजत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सॉरी म्हणाले. त्यांनी नुसता हात हलवला.

ऑक्टोबरमध्ये नात आली, धडधाकट. त्यांनी अंगणात बार्बेक्यू केलं, आम्हालाही बोलावलं. ती माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन फिरत होती. ग्रँडपा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिला ते सगळं सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. तिला पुन्हा तिकडे बोलावू शकतात."