स्मरणिकेत नसलेली विहीर

आमच्या शहराचा इतिहास मी लिहिला आहे. नगरपालिकेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत तो आहे, पान नऊ ते सव्वीस, वर माझा फोटो. पूर्वी घरी आलेल्या प्रत्येकाला मी ती आपण होऊन दाखवायचो. हल्ली कपाटात कपड्यांच्या मागे सारून ठेवली आहे, आणि त्याचं कारण माणिकराव.

शहर म्हणायचं ते आपलं पालिका आहे म्हणून. मोताळ्याहून एसटीनं अर्धा तास. एक जिनिंग, एक कॉलेज, मंगळवारचा बाजार आणि संध्याकाळी चौकात ओळीनं उभ्या राहणाऱ्या पुण्याच्या ट्रॅव्हल्स. घरटी एक जण तरी पुण्यात. तिकडे आपली बोली लपवतो आणि इकडे आला की तिकडच्या ट्रॅफिकची तक्रार मिरवतो. पुणं आमच्यापासून दहा तासांवर आहे, पण गावाचं मन पाहाल तर ते हडपसरच्या आसपासच कुठं तरी राहतं. पाणी मात्र आठ दिवसांआड येतं, आणि ते माणिकराव सोडतात.

माणिकराव पालिकेचे व्हॉल्वमन. गाव त्यांना वालमन म्हणतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी पाणी अजून तेच सोडतात आणि आठवड्यातून दोनदा पालिकेचा माणूस त्यांच्या दारात उभा असतो. कारण जमिनीखालून कुठली लाइन कुठं गेली, याचा नकाशा कार्यालयात नाही. तो माणिकरावांच्या डोक्यात आहे. हातात कमरेइतकी लोखंडी चावी घेऊन ते भर रस्त्यात थांबतात, टाचेनं माती ठोकतात आणि म्हणतात, "इथं खोदा." पाइप तिथंच निघतो.

इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी त्या विषयाचा मास्तर होतो म्हणून. अठ्ठावीस वर्षं पोरांना पानिपत शिकवलं, पण आपल्या गावची वेस कुठं होती हे मला ठाऊक नव्हतं. मग माणिकरावांना धरलं. पंधरा दिवस रोज सकाळी ते पुढे आणि मी वही घेऊन मागे. वेशीचे दगड कोणत्या नालीच्या बांधकामात गेले, कापसाच्या गाड्या कुठं सुटायच्या, पहिला नळ कोणाच्या दारात आला आणि का, सगळं त्यांनी दाखवलं. माझ्या अठरा पानांतली निम्मीअधिक त्यांचीच आहेत. आभारात मी 'पालिकेचे एक माजी कर्मचारी' एवढंच लिहिलं. नाव लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी ते मला भीमनगरातल्या त्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. आठ परस खोल, काळ्या दगडाची बांधणी. गावच्या विहिरीवर यांना चढू देत नसत, म्हणून त्यांच्या आजोबांच्या पिढीनं दिवसभर मजुरी करून उरलेल्या वेळात ती खोदली होती. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला. हिनं दाखवला नाही.

"चार महिने अख्खं गाव हिच्यावर जगलं, सर," माणिकराव म्हणाले. "आता इथं दुकानं काढून राह्यले पालिकावाले. विहीर बुजवतो म्हणतात. आमच्या समतानं अर्ज केला, तं लेखी पुरावा आणा म्हणे. तुमच्या बुकात चार ओळी येऊ द्या. मले दुसरं काही नको."

समता त्यांची नात, वकिलीचं शिकते. मी म्हणालो, "चार ओळी काय, एक पान देतो." ते मी मनापासून म्हणालो होतो. कारण त्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो आणि आईच्या पदराला धरून त्याच विहिरीवर गेलो होतो. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना. तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे असलेले माणिकराव पोहरा ओढून आमच्या घागरीत पाणी ओतायचे. मळ्यातून आणलं, असं आई घरी सांगायची. माझे आजोबा ते पिऊन म्हणायचे, आपल्या मळ्याच्या पाण्याची गोडी कुठं नाही.

मी पान लिहिलं. स्मरणिका समितीचे अध्यक्ष गजेंद्रभाऊ यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"लेख झकास आहे, सर. पण आपल्या लोकायनं तिथलं पाणी पेलं असं छापलं, तं उद्या विचारतीन, कोण कोण पेलं? जुनं काऊन उकरता?"

मी वाद घातला नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. दर चौदा एप्रिलला शाळेत समतेवर भाषण ठोकणारा मी. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. 'कोण कोण' म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आई आली, भाऊबंद आले, सोयरे आले. त्या पानाच्या जागी एक वाक्य छापलं गेलं: 'सन १९७२ च्या दुष्काळाला शहरवासीयांनी मोठ्या धैर्याने तोंड दिले.' उरलेल्या जागेत एका कृषी केंद्राची जाहिरात आली.

प्रकाशनात मला शाल मिळाली. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी माणिकराव आमच्या गल्लीत आले की मी घरात दडून राहायला लागलो.

महिन्याभरानं अर्जावर सुनावणी लागली आणि मुख्याधिकाऱ्यांनी मलाही बोलावलं. समोर समता बसली होती, शेजारी धुतलेल्या शर्टात माणिकराव. साहेबांच्या टेबलावर स्मरणिका उघडी होती.

"सर, ही विहीर सगळं गाव वापरत होतं असं यांचं म्हणणं आहे. तुमच्या इतिहासात उल्लेख आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला स्वतःला काही माहिती?"

दारात गजेंद्रभाऊ उभे होते. मी म्हणालो, "ऐकीव आहे."

समता आजोबांकडे वळली. "आबा, कोण कोण पाणी न्यायचं, नावं सांगा ना."

माणिकराव माझ्याकडे पाहत राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग ते साहेबांना म्हणाले, "नावं नाही सांगता येत मले." अर्ज तिथंच फेटाळला गेला. पुढच्या पंधरवड्यात मुरमाच्या ट्रॉल्या आल्या आणि विहीर बुजली.

त्यानंतर एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर चावीला तेल लावत होते. बसा म्हणाले, आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. माझ्यानं तो उचलवेना.

"माणिकराव," मी म्हणालो, "माझ्या आईचं नाव तुम्ही का नाही घेतलं? घेतलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं."

"तुमच्या मायनं आन घातली होती, सर. म्हणे, बाप्पा, माह्या घरी समजलं तं मले नांदवणार नाहीत. मी हाव म्हटलं होतं. ते कसं मोडू?"

"आईला जाऊन एकवीस वर्षं झाली."

"तरी बी." त्यांनी हात फडक्याला पुसले. "अन् तिथं तुम्ही होते ना. तुमच्यावर तं कोणाची आन नव्हती. मले वाटलं, तुम्ही सांगसान."