गुर्दे ताजे होते

कल्याणच्या एका कॉलेजात मी लॅबचा शिपाई होतो. नव्वद सालाच्या आधीची गोष्ट. शिक्षण माझं चौथी. सकाळी खाटकाकडे जायचं, नुकत्याच कापलेल्या बकऱ्याचा भेजा, गुर्दे, कलेजी, वजडी वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यायची आणि बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आणायची, हे माझं मुख्य काम. खाटीक रोज तेच विचारायचा, "क्या रे, तेरी मॅडम रोज भेजा खाती है क्या?"

लॅबच्या बाई त्यातून एक चरबी काढायच्या, गंधक असलेली. कुठल्या अवयवात ती किती, हे बघायचं. भेज्याच्या पांढऱ्या भागात सगळ्यात जास्त, गुर्द्यातही बरीच, वजडीत थोडी, नुसत्या मटणात जवळपास नाहीच. तिला बनवणारं एक एन्झाइम आणि तोडणारं दुसरं. तोडणारं मोजताना नळीत लाल रंग यायचा. कलेजी-गुर्द्याच्या नळ्या चांगल्या लाल व्हायच्या. नळ्या मीच धुवायचो, म्हणून माहीत.

आमची मुलगी दोन वर्षांची झाली आणि चालता चालता पडायला लागली. मग उभीच राहीना. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि कागदावर रोगाचं नाव लिहून दिलं. कागद मी बाईंना दाखवला. त्या स्टुलावर बसल्याच.

"मामा, आपण मोजतो तीच चरबी ही. हिच्या अंगात तोडणारं एन्झाइम नाही. चरबी मेंदूत, नसांत साठत जाते. औषध नाही यावर."

ठाकुर्लीला घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खाडीकाठच्या कोळ्यांची. तिला रडण्याआधी काम सुचायचं.

"बकऱ्याच्या गुर्द्यात असतं ना ते?"

"असतं."

"मग बकऱ्याचं देऊ हिला. आणा उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शिजवलं की ते मरतं, मामा. कच्चं दिलं तरी पोटात पचून जातं. नसांपर्यंत पोचत नाही." स्पष्ट सांगितलं. घरी मी गप्प बसलो. गुर्दे आणत राहिलो. बायको ते जेमतेम वाफवायची, पाट्यावर वाटायची, पातळ करून चमच्याने भरवायची. मला उशीर झाला की म्हणायची, "शिकलेल्यांच्या खोलीत झाडू मारता, त्याचा एवढा एकच उपयोग. तोपण वेळेवर नाय?"

पाच पूर्ण व्हायच्या आत मुलगी गेली.

"कमी पडलं," बायको म्हणायची. "दोन वेळा द्यायला हवं होतं." वर्षानुवर्षं तेच. खरं सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावरचा दोष उतरला असता. पण मग मला पहिल्यापासून माहीत होतं, हेही सांगावं लागलं असतं. घाबरलो मी, दुसरं काही नाही.

बायको यंदा गेली. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिने विषय काढला.

"उन्हाळ्यात तुम्ही उशिरा आणायचात. गुर्दे उतरलेले असायचे. मी चालवून घेतले."

"ताजे होते," मी म्हटलं.

"नक्की?"

"बर्फातून आणायचो. ताजेच होते."

तिने मान हलवली आणि पाणी मागितलं. मी दिलं.