दोन पेनांनी भरलेला कागद

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. देवापुढे बसते, तिथेही ही गोष्ट गाळूनच बोलते. तुम्ही म्हणाल, या वयात आता काय राहिलं सांगायचं? राहिलं आहे बाई, एक राहिलं आहे.

आमची रेवा, पोराची पोरगी, तेव्हा पंधराची होती. राग आला की ताट फेकायची, आणि नंतर स्वतःच्याच दंडाला चिमटे काढायची, निळे डाग पडेपर्यंत. डॉक्टरांनी एका वर्गात पाठवलं. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातच, पंडरी भागाजवळ, दर शनिवारी. अशीच पाच-सहा मुलं आणि त्यांचे आईबाप, सगळे एकाच खोलीत. मन उसळलं तर काय करायचं हे मुलांनी शिकायचं, आणि घरच्यांनीही. पोरगा सिलतऱ्याला कारखान्यात, सुनेची शाळा — म्हणून मी जायची.

घरी करायला कागद मिळायचा. पोरगी भडकली की उपदेश नाही करायचा, तिला काय वाटून राहिलं ते आधी आपण बोलून दाखवायचं, आणि रोज लिहायचं. रेवाचा कागद वेगळा — आज किती राग, किती रडणं, चिमटे किती वेळा.

मी रामनामाच्या वह्या भरलेली बाई. वही भरली की पुण्य, एवढंच मला ठाऊक. शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून सातही दिवस एकदम लिहून टाकायची. दोन पेनं घ्यायची — निळं आणि काळं — म्हणजे रोजचं वाटावं.

एका शनिवारी शिकवणाऱ्या दीदींनी मलाच उभं केलं. मी सांगितलं, मंगळवारी हिनं ताट फेकलं, तर मी म्हटलं, "तुले लय लागलं ना मनाले? बस माझ्यापाशी." बुढापाऱ्याहून येणाऱ्या एका आईनं डोळे पुसले आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आणि मंगळवारी मी खरं काय बोलले होते? "आमच्या खानदानात असं कोणी नाही निघालं. तू कोणावर गेली?"

दीदींनी रेवाला विचारलं, "ऐसा हुआ था?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हाँ. आजी ने ऐसा ही बोला."

परतताना ऑटोत म्हणाली, "आजी, आप तो मस्त बोलती हो. घर पे भी बोला करो कभी."

"चूप बस," मी म्हटलं.

पण हे नव्हे. इथवर तर सांगता आलंच असतं — हो ना?

पुढच्या शनिवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली, तिचा कागद घेऊन. "काला वाला दो ना." आणि चिमट्यांच्या रकान्यात सातही दिवस शून्य लिहिलं, माझ्यासमोर. आदल्या संध्याकाळीच मी तिच्या केसांना तेल लावलं होतं. बाही वर सरकली होती. ताजे डाग मी पाहिले होते, आणि मी पाहिले हे तिनंही पाहिलं होतं. तरी मी वेणी घालत राहिले.

दीदींना एक शब्द सांगायचा होता. नाही सांगितला. काहून? मी बोलले असते तर तीही बोलली असती — आणि त्या खोलीत मी सगळ्यांत समजदार आजी होते.

पुढचे सगळे शनिवार तिनं शून्यच लिहिलं. शेवटच्या दिवशी टाळ्या वाजल्या. सुनेनं पुरणपोळ्या केल्या.

रेवा आता नागपूरला होस्टेलवर असते. रविवारी फोन करते. "सब बढ़िया, आजी." घरात सगळे खूश होतात. मला कळत नाही, खरं की खोटं. विचारत नाही मी. आणि विचारलं तरी, ती मला काहून सांगेल?