मागच्या दाराची घासाघीस

गुणवंती कुणाच्या घरात पुढच्या दाराने शिरल्याचं जयगडच्या खाडीकाठी कुणी पाहिलं नव्हतं. मासळीवालीचा रस्ता मागून. केळीखालून, न्हाणीच्या दगडाला वळसा घालून ती परसदारी यायची, पाटी उतरवायची, पाय पसरायची. बांगड्यांचे वाटे मांडून होईपर्यंत घरातलं सगळं तिला कळलेलं असायचं. पुढच्या दारी माणसं सदरा घालून बसतात, ती म्हणायची, घर बसतं ते मागच्या दारी.

शहाऐंशी साली मुंबईच्या एका संस्थेची मंडळी दारूच्या व्यसनाचा अभ्यास करायला वाडीत आली. त्यांच्या पुढारी डॉक्टर आठल्ये. बाई मूळच्या देवरूखच्या, त्यामुळे कोकण आपल्याला कळतं असा त्यांचा समज. बेचाळीस प्रश्नांचा छापील कागद घेऊन त्या एकेका ओटीवर बसल्या. साठ घरांतल्या साठ कुटुंबप्रमुखांना विचारलं, दारू पिता का? साठही जण नाही म्हणाले. त्यातले पन्नास तर खरंच बोलत होते. श्रावण चालू होता. त्या महिन्यात वाडी थेंबाला शिवत नाही आणि सोमवारी देवळात उभं राहायला जागा मिळत नाही. उरलेले दहा पीत होते, म्हणून नाही म्हणाले.

"निरोगी गाव आहे तुमचं," परत जाताना एस.टी.च्या थांब्यावर बाई म्हणाल्या.

पलीकडे पालथ्या पाटीवर बसून गुणवंती मिशेरी लावत होती. "होय तर. शिमग्याला या. तेव्हा आणखीन निरोगी दिसेल."

बाईंचा चेहरा उतरला. "मग खरं सांगत का नाहीत?"

"तुम्ही विचारता म्हणून. मी कधी विचारते, बांगडे घेणार काय? विचारलं की माणूस नको म्हणतो."

दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या त्या गुणवंतीच्या मागोमाग, केळीखालून. पहिलं घर मथुराचं. गुणवंतीने वाटा मांडला आणि माशांकडेच बघत म्हणाली, "गंगाराम रोज आठ ग्लास मारतो म्हणे."

"आठ?" मथुरा चुलीपुढून उठून दारात आली. "कोण मेला सांगतो? आमचा माणूस काय बैल आहे?"

"बरं, सात."

"तोंडाला येईल ते बोलू नको गो. चार."

"आणि सणाला?"

"सणाला सहा. रोजचे चार. उगाच कुणाची बदनामी करू नये."

"हे मी लिहून घेऊ ना?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"घ्या की. पण चारच लिहा हो."

या पद्धतीला शास्त्रात काय म्हणायचं, याचा विचार बाई पुढचं घर येईपर्यंत करत होत्या. पुढच्या घरी पाच झाले, त्याच्या पुढच्या घरी तीन. हळूहळू बायका कागदावरच्या प्रश्नांचीही घासाघीस करू लागल्या. 'एकटे पिता की मित्रांसोबत?' हा प्रश्न त्यांनी हसून काढायला लावला. होडीत एकटा कोण असतो? शेवटी एक प्रश्न गुणवंतीने आपल्याकडून घालायला लावला, त्रेचाळिसावा: तो पिऊन आला की तू निजतेस कुठे? आकडा पाडायला पुढे असलेल्या बायका या प्रश्नावर मात्र पाडापाडी करत नव्हत्या. विचारलं की उत्तर येई. ओहोटीनंतर चिखल उघडा पडावा तसं.

बाई दर गुरुवारी शाळेत येऊन पंधरा माणसांवर उपचार करणार होत्या. ज्याचा कागद भरलेला, त्याचंच नाव यादीत जायचं. चौदा नावं झाली. एकोणसाठ घरांचे कागद भरले. साठावा कोरा होता. तो गुणवंतीचा.

तिचा नवरा दत्ताराम एके काळी होडी हाकणारा तांडेल. आता माणूस कमी पडला तरच त्याला होडीवर घेत. अकरा वर्षं गुणवंती सांगत आली होती की त्याला पोटशूळ आहे. वाडीला सगळं ठाऊक होतं आणि वाडी पोटशूळच म्हणायची. दत्ताराम झोकांड्या खात आला की लोक मायेने चौकशी करायचे, "पोट काय म्हणतंय?" मागच्या महिन्यात तो होडीवरून खाडीत पडला, तेव्हा होडीवरच्या काशीरामने त्याला केसांना धरून वर काढला. त्या दिवसापासून ते पंधरावं नाव गुणवंतीच्या घशात अडकलं होतं. एकोणसाठ परसदारं तिने उघडली, पण आपल्या दाराशी आली की जीभ पोटशुळावरच जायची.

यादीच्या शेवटच्या दिवशी बाई तिच्या परसदारी आल्या. पिशवी उतरवली. पाय पसरले. पिशवीकडेच बघत म्हणाल्या, "दत्ताराम रोज दहा मारतो म्हणे."

"दहा? कोण मेला..." जन्माच्या सवयीने गुणवंतीच्या तोंडून निघालं आणि ती थांबली. बाई आपलीच घासाघीस आपल्यावर चालवत होत्या. पोटशूळ म्हटलं की कागद कोरा राहणार आणि जागा दुसऱ्याला जाणार. आकडा म्हटला की अकरा वर्षांचा पोटशूळ या दारात मरणार.

"आठ," ती म्हणाली.

"आठ कुठले?" आतल्या बाजेवरून दत्ताराम ओरडला. "पाच!"

मग बाज करकरली. आपण काय बोलून बसलो ते त्याला उशिरा कळलं असावं.

"सात," मागे न वळता गुणवंती म्हणाली.

"सहा. वर नाय जाणार."

"लिहा सहा."

बाईंनी सहा लिहिलं. पेन्सिल त्रेचाळिसाव्या प्रश्नापाशी थांबली. प्रश्न ज्या बाईने घातला तिलाच तो कसा विचारायचा, हे त्यांना सुचेना.

"मथुराच्या पडवीत," न विचारताच गुणवंती म्हणाली.

आतून यावर कुणी घासाघीस केली नाही. बाईंनी तेही लिहिलं. 

"दत्ताराम," शेवटी बाईंनी काळोख्या दाराकडे तोंड करून विचारलं, "गुरुवारी शाळेत याल का? तुम्ही हो म्हटलंत तरच नाव घालते."

आत बाज पुन्हा करकरली. मग आवाज आला, "पोट बरं असलं तर येईन."

"पोट बरंच आहे त्याचं," गुणवंती म्हणाली, एवढ्या मोठ्याने की पलीकडे मथुरालाही ऐकू जावं. "घाला नाव."